टायफूनचा पाऊस, खचणारे डोंगर आणि चिखल-दगडांचे लोंढे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

९ ऑगस्ट २००९ च्या सकाळी दक्षिण तैवानमधल्या श्याओलिन या गावावर डोंगर कोसळला आणि चारशेहून अधिक माणसं गेली. मोराकोट नावाच्या टायफूनचा पाऊस त्याआधी अखंड कोसळत होता. या पानावरचे बरेचसे प्रश्न त्या घटनेभोवतीचे आहेत. लांबलेल्या पावसात डोंगराचं काय होतं, माणसं कुठे अडकतात आणि सरकारी नकाशे कुठे अपुरे पडतात, हे सगळं त्या एका गावात दिसतं. जपान, व्हिएतनाम आणि आपल्या सह्याद्रीबद्दलचे प्रश्न पुढे आहेत.

टायफून म्हटलं की वारा आठवतो. त्याचा दरडींशी काय संबंध?

वाऱ्याने छपरं उडतात, डोंगर मात्र पाण्याने सुटतात. टायफून ही आपल्या समुद्रातल्या चक्रीवादळांच्याच जातीची वादळं. त्यांची वर्गवारी वाऱ्याच्या वेगावरून होते आणि फसगत तिथेच होते. मोराकोट वाऱ्याच्या हिशेबाने मध्यम गटातलं वादळ होतं. डोंगरात राहणाऱ्याने ‘मध्यम’ हा शब्द ऐकून निश्चिंत व्हावं, असं त्यात काहीच नव्हतं. वादळ किती जोराचं आहे याच्या आधी ते किती संथ आहे आणि किती बाष्प ओढून आणतंय, हे विचारायला हवं.

मोराकोटमध्ये पाऊस किती पडला?

अलीशान या डोंगराळ ठिकाणी २४ तासांत सुमारे १,६२३ मिलिमीटर आणि ४८ तासांत सुमारे २,३६१ मिलिमीटर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता आणि तो दिवस मुंबईकर अजून विसरलेले नाहीत. मुंबईत अख्ख्या पावसाळ्यात साधारण जेवढा पाऊस होतो, तेवढा अलीशानला दोन दिवसांत झाला. ४८ तासांच्या पावसाचा जागतिक उच्चांक चेरापुंजीचा आहे, जून १९९५ मधला, २,४९३ मिलिमीटर. मोराकोट त्याच्या अगदी जवळ जाऊन पोचलं.

त्या वर्षी दक्षिण तैवानमध्ये पाण्याची टंचाई होती. धरणं खाली गेलेली, लोक पावसाची वाटच पाहत होते. अशा वेळी आलेल्या पावसाची भीती वाटायला वेळ लागतो.

एवढा पाऊस एकाच भागात का पडला?

वादळ रेंगाळलं म्हणून. ७ ऑगस्टच्या मध्यरात्रीच्या सुमारास मोराकोट पूर्व किनाऱ्यावर हुआलिएनजवळ जमिनीवर आलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ताओयुआनच्या बाजूने समुद्रात उतरलं. नकाशावर पाहणाऱ्याला वाटेल की संकट टळलं. पण वादळाच्या फिरत्या वाऱ्यांनी नैऋत्येकडचा ओलसर मान्सूनचा प्रवाह ओढून घेतला होता आणि तो दक्षिण तैवानच्या डोंगरांवर आदळत राहिला. तिथली मध्य पर्वतरांग ३,००० मीटरपेक्षा उंच आहे, शेजारच्या रांगेतलं तैवानचं सर्वात उंच यूशान शिखर तर ३,९५२ मीटर. बाष्पाने भरलेला वारा अशा भिंतीवर चढला की थंड होतो आणि पाणी तिथेच टाकतो. आपल्या घाटमाथ्यावर जे होतं तेच, फक्त उंची तिपटीहून जास्त.

म्हणूनच वादळाचं केंद्र बेटावरून निघून गेल्यानंतर सर्वात मोठी जीवितहानी झाली. टीव्हीवर वादळाचा डोळा कुठे आहे हे पाहणाऱ्या डोंगरातल्या माणसाने हे नीट लक्षात ठेवावं.

पाण्याने डोंगर नेमका कसा सुटतो?

उतारावरची माती, मुरूम, फुटका खडक हे सगळं एकमेकांवर घासून, दाबून टिकलेलं असतं. पाऊस मुरत गेला की कणांमधल्या पोकळ्या भरतात. सगळ्या भरल्या की त्या पाण्यावर दाब येतो आणि तो दाब कणांना एकमेकांपासून उचलायला लागतो. घर्षण कमी होतं. वरचं वजन मात्र पाण्यामुळे वाढलेलं असतं. एका क्षणी खाली ओढणारा जोर धरून ठेवणाऱ्या जोराला मागे टाकतो आणि उतार सुटतो.

यात काळाचा हिशेब महत्त्वाचा. वरची मीटर-दोन मीटर माती तासाभराच्या मुसळधार पावसातही सुटू शकते. पण डोंगराच्या पोटातल्या भेगांमध्ये, खडकाच्या थरांमध्ये पाण्याचा दाब वाढायला दिवस लागतात. म्हणून लांबलेल्या पावसात आधी छोट्या दरडी पडतात, ओढे गढूळ होतात आणि मोठा डोंगर सर्वात शेवटी हलतो, कधी कधी पावसाचा जोर ओसरल्यावर. श्याओलिनमध्ये तसंच झालं. पावसाचा सर्वात मोठा जोर आदल्या दिवशी होऊन गेला होता. डोंगर सुटला तोपर्यंत त्या परिसरात एकूण १,६०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झालेला होता.

दरड कोसळणं आणि चिखल-दगडांचा लोंढा, यात फरक काय?

दरड म्हणजे उताराचा तुकडा सुटून खाली येणं. तो साधारण उताराच्या पायथ्याशी थांबतो. लोंढा तिथे थांबत नाही. सुटलेली माती ओढ्यात पडते, तिथलं पाणी तिच्यात मिसळतं आणि ओल्या काँक्रीटसारखा जड पदार्थ घळीतून वाहू लागतो. त्याची घनता पाण्याच्या दीड ते दोन पट असते, म्हणून त्यात गाडीएवढे दगड लीलया वाहतात. सगळ्यात मोठे दगड पुढे गोळा होतात आणि ते तोंडच घरं फोडतं. वाटेत लोंढा ओढ्याचा तळ आणि काठ खरवडत जातो. सुरुवातीला लहान असलेला लोंढा खाली पोचेपर्यंत कित्येक पट वाढलेला असतो. सपाटी लागली की तो पसरतो आणि घट्ट बसतो.

घळीच्या तोंडाशी असलेली ती पंख्याच्या आकाराची सपाट जागा पाहून कोणालाही तिथे घर बांधावंसं वाटेल. पाणी जवळ, माती कसदार, जमीन समतल. पण ती जागा सपाट झालीच आहे जुन्या लोंढ्यांच्या गाळाने. तिथे मोठमोठे गोटे मातीत अर्धवट रुतलेले दिसले, तर ते कधीतरी वरूनच आलेले आहेत.

श्याओलिनमध्ये नेमकं काय घडलं?

काओशुंगच्या डोंगराळ भागात, ज्याश्यान परिसरात, चीशान नदीच्या काठावर हे गाव होतं. वस्ती मुख्यत्वे तैवोआन या मैदानी आदिवासी समाजाची. ८ ऑगस्ट हा तैवानमध्ये पितृदिन, त्यामुळे शहरात कामाला असलेले काही जण घरी आलेले होते.

८ तारखेलाच ओढ्यांना लोंढे आले, पूल वाहून गेले, रस्ता तुटला. गावातून बाहेर जाण्याची वाट बंद झाली आणि संपर्कही तुटला. लोक रात्रभर नदीकडे आणि ओढ्यांकडे लक्ष ठेवून होते, कारण धोका तिथून येणार असंच सगळ्यांना वाटत होतं.

९ तारखेला सकाळी सहाच्या सुमारास गावाच्या पूर्वेकडचा श्यानदू डोंगर सुटला. सुमारे अडीच कोटी घनमीटर खडक आणि माती. अभ्यासकांनी काढलेला वेग सेकंदाला २० ते ३४ मीटरच्या दरम्यान आहे, म्हणजे हायवेवरच्या गाडीचा. वस्तीच्या उत्तरेकडच्या मोठ्या भागाला पळायला वेळच मिळाला नाही. या पडझडीने जमिनीला जो हादरा बसला तो तैवानच्या भूकंपमापकांवर नोंदला गेला, म्हणून वेळ इतकी नेमकी सांगता येते.

ढिगाऱ्याने चीशान नदी अडवली आणि मागे पाणी तुंबत गेलं. तास-दीड तासात तो नैसर्गिक बांध फुटला आणि उरलेलं गाव त्या पुराने धुऊन नेलं. जी मोजकी माणसं वाचली ती डोंगर हलल्याची चाहूल लागताच उंचावर पळालेली होती. पुढचे दिवस ती तिथेच अडकून राहिली आणि हेलिकॉप्टरने बाहेर काढली गेली.

बहुतेकांचे मृतदेह मिळाले नाहीत. ती जागा न उकरता तशीच ठेवायचं ठरलं आणि तिथे स्मृतिउद्यान झालं. वाचलेल्यांचं पुनर्वसन तीन वेगवेगळ्या ठिकाणी झालं. एका गावाचे तीन तुकडे झाले, याचं दुःख तिथले लोक आजही बोलून दाखवतात आणि तरीही रात्रीचा आपला पारंपरिक सण ते पुन्हा साजरा करू लागले आहेत. मला या सगळ्या हकिकतीत हे फार मोठं वाटतं.

मग धोक्याची सूचना नव्हती का?

होती, पण ती लोंढ्याची होती. तैवानने ओढे मोजून, धोकादायक प्रवाहांची यादी करून ठेवली होती. २००९ मध्ये त्या यादीत १,५०३ प्रवाह होते. श्याओलिनजवळचा ओढाही धोक्याचा म्हणून माहीत होता. नकाशावर नव्हता तो गावामागचा डोंगर. निवाऱ्यासाठी ठरलेली जागा गावातच होती आणि तीही गाडली गेली. ज्यांनी सांगितलेलं ऐकलं असतं त्यांनाही त्या निवाऱ्याने वाचवलं नसतं.

माझं स्पष्ट मत असं आहे की या घटनेचा सर्वात महत्त्वाचा धडा इथे आहे. यादीत नाव असणं म्हणजे धोका आहे, हे खरं. यादीत नाव नसणं म्हणजे धोका नाही, असं मात्र कधीच होत नाही. आणि निवारा निवडताना ‘गावातली सर्वात पक्की इमारत’ हा निकष चुकीचा आहे. वरच्या उताराच्या आणि ओढ्याच्या वाटेतून बाहेर असणं हाच खरा निकष. शाळेच्या भिंती कितीही पक्क्या असोत, अडीच कोटी घनमीटर खडकापुढे त्या टिकत नाहीत.

सरकारवर त्या वेळी प्रचंड टीका झाली. मदत उशिरा पोचली असा आरोप होता. पुढच्याच महिन्यात पंतप्रधान ल्यू चाओ-शुआन यांनी राजीनामा दिला.

बोगद्याच्या कामामुळे डोंगर कोसळला असं ऐकलं. खरं आहे का?

जवळच्या भागात त्सेंगवेन धरणासाठी एका खोऱ्यातलं पाणी दुसऱ्या खोऱ्यात वळवण्याच्या बोगद्याचं काम सुरू होतं आणि त्यातल्या सुरुंगांनी डोंगर खिळखिळा झाला, अशी गावकऱ्यांची शंका होती. सरकारने करवलेल्या तपासात कारण पाऊस आणि तिथली भूरचना हेच ठरलं. मोराकोटनंतर ते काम थांबलं. ज्यांची घरं गेली त्यांचं समाधान त्या निष्कर्षाने झालं नाही, आणि ज्या यंत्रणेवर आक्षेप आहे तिनेच तपास करवला तर ते होणारही नाही.

भूकंपाचा काही संबंध असतो का?

मोठा संबंध असतो. २१ सप्टेंबर १९९९ ला मध्य तैवानमध्ये चीचीचा भूकंप झाला, तीव्रता ७.६. हजारो उतार त्याच दिवशी सुटले, पण कित्येक उतार फक्त सैल होऊन राहिले. दोन वर्षांनी, जुलै २००१ मध्ये तोराजी टायफून आलं आणि त्या सैल मातीचे लोंढे झाले. भूकंपानंतरची काही वर्षं पूर्वीपेक्षा कमी पावसातही उतार सुटतात. तैवानने म्हणूनच भूकंपग्रस्त भागात इशाऱ्याची पावसाची मर्यादा खाली आणली. मोठा टायफूनही असाच मागे सैल माती ठेवून जातो.

झाडं लावली, बंधारे बांधले तर हे थांबेल का?

काही प्रमाणात. झाडांची मुळं वरची मीटरभर-दोन मीटर माती धरून ठेवतात आणि उथळ दरडी कमी होतात. म्हणून जंगल तोडून उतारावर सुपारी, चहा, भाजीपाला लावण्याविरुद्ध तैवानमध्ये इतकी वर्षं बोललं जातं ते योग्यच आहे. पण श्याओलिनचा डोंगर कित्येक दहा मीटर खोलीवरून सुटला. तिथपर्यंत कोणतीच मुळं पोचत नाहीत. झाडंही डोंगराबरोबर खाली आली. मोराकोटनंतर नद्यांतून आणि बंदरांतून उपसलेल्या ओंडक्यांचे डोंगर लागले होते.

जपान आणि तैवानमध्ये घळींमध्ये ओळीने बांधलेले छोटे बंधारे दिसतात. ते लोंढ्याचा वेग मोडतात, दगड अडवतात. मात्र ते गाळाने भरले की उपसावे लागतात. भरलेल्या बंधाऱ्याच्या भरवशावर खाली वस्ती वाढू देणं धोक्याचं आहे.

इमारती लोंढ्यानेच पडतात का?

नेहमी नाही. मोराकोटमधलं जगभर पाहिलं गेलेलं दृश्य ताइतुंगमधल्या जिबनचं होतं: नदीकाठचं सहा मजली हॉटेल आडवं होऊन पाण्यात कोसळलं. त्याला धक्का कोणी दिला नव्हता. फुगलेल्या नदीने काठच खाऊन टाकला आणि पाया उघडा पडला. माणसं आधीच बाहेर काढलेली होती, म्हणून ते दृश्य फक्त इमारतीचं राहिलं.

तैवानने नंतर काय बदललं?

बरंच. पहिली गोष्ट म्हणजे खोल भूस्खलनाचा वेगळा शोध सुरू झाला. विमानातून लेसर किरणांनी झाडांखालची जमीन मोजून जुन्या भेगा, खचलेले माथे, फुगलेले पायथे शोधले जातात. १० हेक्टरपेक्षा मोठं, १० मीटरपेक्षा खोल किंवा एक लाख घनमीटरपेक्षा जास्त, अशी मोठ्या भूस्खलनाची व्याख्या ठरवून संभाव्य जागा निश्चित केल्या जात आहेत. ओढ्यांची यादीही वाढून १,७०० च्या पुढे गेली.

दुसरी, इशारे. प्रत्येक भागासाठी साठलेल्या पावसाची मर्यादा ठरलेली आहे, साधारण २०० ते ६०० मिलिमीटर, तिथला दगड-माती आणि इतिहास पाहून. अंदाजातला पाऊस ती मर्यादा ओलांडणार असं दिसलं की पिवळा इशारा: बाहेर पडायला सांगितलं जातं. प्रत्यक्ष पाऊस मर्यादेपलीकडे गेला की लाल: तेव्हा सक्तीने हलवता येतं. सैन्य आता वादळ येण्याआधीच डोंगराळ भागात तैनात होतं, पूल तुटल्यावर नाही.

तिसरी मला सर्वात आवडते. गावातल्याच लोकांना प्रशिक्षण देऊन नेमलं जातं. हा उपक्रम २००५ पासूनचा, म्हणजे मोराकोटच्याही आधीचा आहे. साध्या पर्जन्यमापकाने ते गावातला पाऊस मोजतात, ओढा पाहतात आणि फोनवर कळवतात. म्हाताऱ्या-आजारी माणसांची घरं त्यांना तोंडपाठ असतात. १९९६ च्या हर्ब टायफूनमध्ये लोंढ्यांनी उद्ध्वस्त झालेल्या शेनमू गावात कॅमेरे, जमिनीचा कंप टिपणारी यंत्रं, लोंढा आला की तुटणाऱ्या तारा, असं सगळं बसवलेलं आहे. तरीही छत्री घेऊन ओढा पाहायला जाणारा माणूस लागतोच.

सरकारी आदेश आलाच नाही तर?

तर आदेशाची वाट पाहू नका. दोन उदाहरणं देतो.

ऑक्टोबर २०१३ मध्ये विफा टायफूनच्या पावसाने जपानच्या इझू ओशिमा या ज्वालामुखी बेटावर २४ तासांत ८२४ मिलिमीटर पाऊस झाला. पहाटेच्या अंधारात राखेचा लोंढा वस्तीत शिरला. इशारे आलेले होते, पण स्थलांतराचा आदेश निघाला नाही. सुमारे ४० जण गेले. रात्री अंधारात लोकांना बाहेर काढणं धोक्याचं, हा त्या वेळचा विचार समजण्यासारखा आहे. म्हणूनच निर्णय संध्याकाळी उजेड असताना घ्यायचा असतो.

सप्टेंबर २०२४ मध्ये यागी टायफूननंतर उत्तर व्हिएतनामच्या लाओ काई प्रांतात लांग नू हे गाव लोंढ्याने जवळजवळ पुसलं गेलं. त्याच प्रांतातल्या खो वांग या पाड्याच्या प्रमुखाने डोंगराला भेग पडलेली पाहिली. रस्ते बंद, फोन बंद. त्याने वरून हुकूम येण्याची वाट पाहिली नाही. १७ कुटुंबांतल्या ११५ जणांना घेऊन तो सुरक्षित टेकडीवर गेला, तिथे झोपड्या उभारल्या. त्यांचा शोध घेणाऱ्यांना आधी वाटलं की गाव गाडलं गेलं. सगळे जिवंत होते.

कोणत्या खुणा दिसल्या की निघायचं?

डोंगरमाथ्यावर किंवा अंगणात नवी भेग. कालपर्यंत सरळ असलेलं झाड, विजेचा खांब, कुंपण कललेलं. दारं-खिडक्या अचानक अडकणं. जिथे कधी पाणी नव्हतं तिथून झरा फुटणं किंवा नेहमीचा झरा गढूळ होणं. वरून बारीक दगड घरंगळत राहणं.

ओढ्याची एक खूण मुद्दाम सांगतो, कारण ती पाहून माणसं उलट निर्धास्त होतात. पाऊस कोसळतोय आणि ओढ्याचं पाणी एकदम कमी झालं, तर वर कुठेतरी दरडीने ओढा अडलाय. तो बांध फुटणार आहे. एक क्षणही काठावर थांबू नका. तसंच पाण्यात अचानक झाडोरा येऊ लागला, मातीचा उग्र वास आला, लांबून घरघर ऐकू आली, तर काही मिनिटंच हातात आहेत.

पण खुणांवर पूर्ण भिस्त ठेवू नये. रात्री, धो धो पावसात, यातलं काही दिसत नाही. पावसाचा एकूण हिशेब ठेवणं जास्त खात्रीचं. सरळ उभ्या बाजूंचा डबा उघड्यावर ठेवा आणि पट्टीने मोजा. दोन-तीन दिवसांची बेरीज करत राहा. आजचा पाऊस कमी असला तरी डोंगरात कालचा आणि परवाचा आहेच.

माळीण, तळिये, इर्शाळवाडी इथेही हेच झालं का?

पाऊस टायफूनचा नव्हता, मान्सूनचा होता. खडकही वेगळा: तैवानमध्ये तरुण, सतत उचलला जाणारा, तुकड्यातुकड्यांचा डोंगर, आपल्याकडे जुना बेसॉल्ट आणि त्यावर झिजलेल्या मातीचा थर. आपल्याकडच्या बहुतेक दरडी या वरच्या थराच्या असतात. श्याओलिनच्या मानाने त्या कितीतरी लहान. पण पाणी मुरून दाब वाढणं आणि पायथ्याच्या वस्तीला वेळ न मिळणं हे सारखंच.

३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गेलं, १५१ जण दगावले. गाव दिसत नाही ही बातमी बाहेर पोचली ती एसटीच्या चालकामुळे. २२ जुलै २०२१ ला महाडजवळ तळिये गेलं. त्या दिवसांत महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला होता. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड आली. २७ मृतदेह मिळाले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. श्याओलिनचा डोंगरही यादीत नव्हता.

लोंढा म्हणजे काय ते आपल्या शेजारी पाहायचं तर ३० जुलै २०२४ चं वायनाड. वर उगम, किलोमीटरच्या किलोमीटर घळीतून प्रवास आणि खाली मुंडक्कई, चूरलमला ही गावं. अडीचशेहून अधिक माणसं गेली, आणि तीही रात्री झोपेत.

आपल्या गावाबद्दल शंका असेल तर ग्रामसभेत विषय घ्या, तलाठी आणि तहसीलदारांकडे लेखी द्या, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची पाहणी मागा. भेगांचे तारखेसह फोटो काढून ठेवा. आणि पाहणी होईपर्यंत मोठ्या पावसाच्या रात्री कुठे झोपायचं, हे गावाने आधीच ठरवावं.

माझी मुलगी तैवानमध्ये शिकते, भाऊ जपानमध्ये नोकरीला आहे. त्यांनी काय करावं?

शहरात राहत असतील तर दरडीचा धोका कमी. सुट्टीत डोंगरात, गरम पाण्याच्या झऱ्यांवर, ट्रेकला जातात तेव्हा खरी काळजी. तैवानमध्ये वादळाचा इशारा लागला की डोंगरातला बेत सरळ रद्द करावा आणि वादळ गेल्यावरही काही दिवस जाऊ नये. मोबाइलवर मोठ्या आवाजात येणारा सरकारी इशारा बहुतेकदा चिनी भाषेत असतो. त्याचा स्क्रीनशॉट काढून लगेच भाषांतर करून घ्यायची सवय लावावी.

जपानमध्ये इशाऱ्यांचे पाच स्तर आहेत. तिथलं हवामान खातं मातीत किती पाणी साठलंय याचा अंदाज गणिताने काढतं आणि दरडीच्या इशाऱ्यात तो वापरला जातो. चौथ्या स्तरावर सगळ्यांनी बाहेर पडलेलं असायला हवं. पाचवा स्तर म्हणजे संकट बहुधा सुरू झालेलं आहे, त्याची वाट पाहायची नाही. नगरपालिकेच्या धोक्याच्या नकाशावर घर कुठे आहे ते राहायला गेल्याच्या आठवड्यातच पाहून ठेवावं. दोन्ही देशांत अग्निशमन आणि रुग्णवाहिकेसाठी ११९.

रात्र आहे, रस्ता तुटलाय, गावाबाहेर पडता येत नाही. आता?

ओढ्यापासून आणि उतारापासून लांब असलेल्या घरात जमा व्हा. तसं घर नसेल तर पक्क्या घराच्या वरच्या मजल्यावर, डोंगराच्या विरुद्ध बाजूच्या खोलीत. झोपू नका. मरणारे अनेक जण झोपेत असतात, म्हणून पाळीपाळीने जागं राहणं हा साधा उपाय खरंच जीव वाचवतो. लोंढा येताना ऐकू आला तर त्याच्या दिशेत पुढे पळू नका, घळीला काटकोनात, बाजूच्या उंचवट्यावर चढा. गाडीने पूल ओलांडायचा प्रयत्न करू नका. पूल दिसत असला तरी त्याचे पाय उरलेत की नाही हे रात्री कळत नाही. भारतात फोन लागत असेल तर ११२.

पाऊस थांबला. घरी परत कधी जायचं?

घाई करू नका. खोल उतारातला पाण्याचा दाब उतरायला दिवस लागतात. नदी अडून तलाव झाला असेल, तर तो फुटेपर्यंत किंवा सुरक्षित रिकामा करेपर्यंत खालच्या काठावर कोणीही परतू नये. २०११ मध्ये तालास टायफूननंतर जपानच्या की द्वीपकल्पात असे अनेक तलाव तयार झाले आणि खालच्या वस्त्यांतल्या लोकांना पाऊस संपल्यानंतरही दीर्घकाळ बाहेर राहावं लागलं.

परतताना आधी दिवसाउजेडी एक-दोघांनी जावं आणि माथ्यावरच्या भेगा पाहाव्यात. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून त्यांच्यातलं अंतर मोजून लिहून ठेवावं आणि रोज पुन्हा मोजावं. अंतर वाढत असेल तर परतायचं नाही. भेगेत पाणी जाऊ नये म्हणून ती मातीने बुजवून वर ताडपत्री टाकावी आणि वरून येणारं पाणी चर खणून बाजूला वळवावं. त्याच हंगामात पुन्हा मोठ्या पावसाचा अंदाज आला, तर या वेळी पहिल्यापेक्षा कमी पावसातच निघायचं, असं धरून चालावं.